तूप पिऊन रुसलेला जावई

लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर मी सासुरवाडीत रुसून बसलो, असं सासुरवाडीचं म्हणणं आहे. मी रुसलो नव्हतो. मी डाएटवर होतो.

हा फरक मी आजवर बऱ्याच जणांना समजावून सांगितला. मेहुण्याला सांगितला, बायकोच्या दोन मावश्यांना सांगितला, पुण्याला फोन करून माझ्या आईलाही सांगितला. सगळे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "बरं, पण रुसलास कशावरून?" तेव्हा आता लिहूनच टाकतो.

मी मूळचा पुण्याचा. कंपनीने सहा महिन्यांसाठी हैदराबादला पाठवलं होतं, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. मधल्या काळात इथल्याच वैशालीशी लग्न झालं. तिचं माहेर गौलीगुड्यात. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतीवाडीचं. पण तिचे आजोबा शहरात आले आणि बेगम बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान टाकून बसले. पुढे ते दुकान माझ्या सासऱ्यांनी चालवलं आणि आता माझा मेहुणा संजू चालवतो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी, तिकडच्या पद्धतीप्रमाणे. आम्ही राहतो हिमायतनगरला, म्हणजे मामींच्या स्वयंपाकघरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. माझं वजन वाढण्यात या वीस मिनिटांचा वाटा मोठा आहे.

तर, वजन. ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. बाकी सगळं ठीक निघालं, पण डॉक्टरबाईंनी माझ्या पोटाकडे बघून "दहा किलो कमी करा" असं इतक्या सहज सांगितलं, की मला वाटलं दहा किलोंची पिशवी मी चुकून बरोबर घेऊन आलोय. खिन्न होऊन जागेवर आलो, तर शेजारी वेंकट. हा वेंकट सहा महिन्यांपूर्वी माझ्याहून रुंद होता. आता त्याचा शर्ट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसत होता.

मी विचारलं, "वेंकट, तू खाता क्या है?"

तो म्हणाला, "घी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण नाही! भात बंद, पोळी बंद, साखर, बटाटा, डाळ, फळं, सगळं बंद. आणि तूप, लोणी, पनीर, अंडी, खोबरं, साय मात्र हवं तेवढं! "अन्ना, फॅट खाओ, फॅट जलाओ," वेंकट म्हणाला. तूप खा आणि बारीक व्हा, हे वाक्य ऐकण्यासाठी मी पन्नाशीपर्यंत थांबलो होतो. त्याच संध्याकाळी दीड किलो तूप घरी आणलं.

वेंकटचा एक ग्रुप होता. त्यात चाळीस माणसं. प्रत्येकाने रोजच्या प्रत्येक जेवणाचा फोटो टाकायचा आणि वेंकटने त्याखाली अंगठा वर किंवा अंगठा खाली करायचा. नियम एकच, पण कडक. "एक चम्मच शक्कर गई ना अन्ना, बॉडी फिर से डे झिरो पे!" म्हणजे वीस दिवसांची तपश्चर्या एका जिलबीने वाया. मी सकाळी कॉफीत तूप घालून पिऊ लागलो. दुपारी लोण्यात परतलेलं पनीर, संध्याकाळी तुपातली अंडी. आमची मुलगी ऋचा म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाला देवघरासारखा वास येतोय." येऊ दे! पंधराव्या दिवशी पट्टा एक भोक आत गेला. मी ते भोक ऑफिसात लिफ्टमनलासुद्धा दाखवलं.

आणि सोळाव्या दिवशी मामींचा फोन आला.

"जावईबापू, धोंड्याचा महिना लागला की! ऐतवारी यायचं. नक्को म्हणायचं नाही."

अधिक महिना दर तिसऱ्या वर्षी येतो, त्याला तिकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, ओवाळायचं आणि धोंडे खाऊ घालायचे. धोंडा म्हणजे कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडलेला, मुठीएवढा, भरीव प्रकार. वरून तूप. म्हणजे वेंकटने ज्या ज्या गोष्टींवर काट मारली होती त्या सगळ्या एकाच गोळ्यात, एकमेकींच्या पोटात शिरून बसलेल्या! यंदा अधिक महिना ऐन आंब्याच्या दिवसांत आला होता, त्यामुळे सोबत आमरस असणार हेही उघड होतं.

"मामींना सांगून टाकतो, डाएटवर आहे म्हणून," मी वैशालीला म्हणालो.

ती ताडकन उठलीच. "खबरदार! आईला डाएटचं बोलायचं नाही!"

तिचंही बरोबर होतं. मामींच्या भावाला शुगर झाली, तेव्हापासून त्या घरात गोड नको म्हणणाऱ्याला माणसं आजारी धरतात. मागे एकदा वैशालीने सहज बिनसाखरेचा चहा मागितला, तर मामींनी सोळा सोमवार धरले. मग वैशालीला त्यांच्यासमोर बसून तीन चमचे साखर घातलेला चहा प्यावा लागला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. (सोमवार मात्र सोळाच्या सोळा झाले.)

"एक धोंडा खा आणि गप्प बस," वैशाली म्हणाली.

"एक? डे झिरो!"

"मग तुझं तू बघ. पण आईच्या तोंडावर डाएट हा शब्द काढायचा नाही. आणि तिचं मन दुखवायचं नाही. दोन्ही."

रविवारी ऋचाचा क्लास हिमायतनगरलाच होता. तिला घेऊन वैशाली मागाहून येणार होती. मी एकटा पुढे गेलो आणि इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

मामींनी दारातच ओवाळलं. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, समोर चांदीचं ताट. मामा आणि संजू शेजारी जेवायला बसले नाहीत. नारायणाचं आधी व्हायला हवं. मामींनी वाढायला घेतलं. पाच धोंडे, वाटीभर आमरस, पुऱ्या, कुरडई, वरणभात, बटाट्याची भाजी, कटाची आमटी. मी ताटात मला चालणारे पदार्थ शोधले. लिंबू, मीठ आणि तुपाची वाटी, एवढेच निघाले.

"घ्या जावईबापू, सुरू करा," मामी पदराने वारा घालत म्हणाल्या.

मी लिंबू चाटलं. मग इकडेतिकडे बघितलं आणि तुपाची वाटी तोंडाला लावली.

मामींचा पदर थांबला. "तूप... नुसतंच?"

"छान आहे हो तूप! घरचं का?"

"हौ, घरचंच की. धोंड्यावर घ्या ना."

"घेतो, घेतो. अजून आहे का?"

त्यांनी वाटी भरली. मी तीही प्यायलो. मला वाटलं, तुपाचं कौतुक केलं म्हणजे मामी खूश. तिसरी वाटी आली. चौथी आली. धोंडे होते तिथेच होते, पाचही जण माझ्याकडे बघत होते. तुपाने माझ्या ओठांवर अशी चकाकी आली होती, की संजू सारखा तोंड वळवून भिंतीकडे बघत होता.

आता एक गोष्ट इथे सांगायला हवी. ती मला त्या दिवशी ठाऊक नव्हती, हेच माझं दुर्दैव. मामांच्या बहिणीचे यजमान तात्याराव बिदरला असत. फार वर्षांपूर्वी एका धोंड्याच्या महिन्यात ते याच घरात, याच पाटावर बसले, धोंड्याला हात लावला नाही आणि ताट चार बोटं पुढे सारलं. एका शब्दाने काही मागितलं नाही. घरात धावपळ उडाली. काय चुकलं, काय हवं, विचारून विचारून सगळे थकले. संध्याकाळी दारात स्कूटर उभी राहिली तेव्हा तात्यारावांनी ताट परत ओढून घेतलं. तेव्हापासून या घराण्यात ताट चार बोटं सरकलं, की जावई रुसला!

आणि चौथ्या वाटीनंतर कोपर टेकायला जागा करावी म्हणून मी ताट थोडं पुढे सरकवलं.

चार बोटं. मोजून.

मामींच्या हातातली पळी तुपात पडली. त्या आत गेल्या, मागोमाग संजूही उठून गेला. आतून मामींची कुजबुज ऐकू आली, "बगितलास का? सारलं बग ताट! एकवीस वर्षांनी!" मला वाटलं, मांजराने कशात तरी तोंड घातलं असेल.

मामा पाटाशेजारी येऊन बसले. मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाव्हणं, मनात काय हाय ते बोला."

"काही नाही हो मामा."

"मंग जेवंना का झालात?"

वैशालीची ताकीद आठवली. डाएट म्हणायचं नव्हतं. मी जपून म्हणालो, "मामा, इतके दिवस चालवून घेतलं. आता मला हे चालत नाही."

"हे म्हणजे?"

"हे असलं सगळं. मी ठरवलंय. अंगाला लागतं हो!"

मामांनी खाली बघितलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "घड्याळाचं कळलं वाटतं तुमाला."

"कुठलं घड्याळ?"

"लग्नातलं. ते आमी घेतलेलं नव्हतं. मुरादाबादच्या भांडेवाल्यानं मला भेट दिलेलं. घाईत तेच तुमच्या हाताला बांधलं."

मी मनगटाकडे बघितलं. एकवीस वर्षं मी ते घड्याळ घालतो. ऑफिसात 'सासऱ्यांनी खास निवडून दिलेलं' असं सांगतो. त्याच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी कायम परदेशी कंपनीचं नाव समजत आलो होतो. आता चष्मा कपाळावर चढवून वाचलं. 'ब्रास लॅम्प्स अँड बेल्स', म्हणजे पितळी समया आणि घंटा.

"राहू द्या हो मामा, त्यात काय," मी म्हणालो. पण आवाज खरोखरच दुखावलेला निघाला. चार वाट्या तुपानंतर कोणाचाही तसाच निघतो.

मामा उठून आत गेले आणि संजू बाहेर आला. दुकानात गिऱ्हाईकांशी तासन्‌तास भांडणारा हा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा!

"दाजी, माफ करा. ती कॅसेट मीच बरबाद केली."

"कसली कॅसेट?"

"लग्नाची."

आमच्या लग्नाच्या व्हिडिओत सप्तपदीची पाच पावलं होतात आणि एकदम क्रिकेटची मॅच सुरू होते. सहावं आणि सातवं पाऊल आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. हे माझ्या वडिलांनी केलं असं मी कायम धरून चाललो होतो. एका दिवाळीत मी त्यांना त्यावरून बोललोही होतो आणि ते बिचारे "मला तर मशीन चालवताच येत नाही रे" एवढंच म्हणाले होते.

"तू?" मी ओरडलो.

"सतरा वर्षांचा होतो दाजी! शेवटची ओव्हर चालली होती! मॅच टेप करायला हाताला लागली ती कॅसेट घातली!"

मी खरोखर चिडलो. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. ग्रुपवर वेंकटचा निरोप होता : 'अन्ना, लंच फोटो?' दुपारचे दोन वाजले होते, चाळीस माणसं माझ्या ताटाची वाट बघत होती. मी उठलो, वाकलो आणि ताटाचा फोटो काढला. न खाल्लेले पाच धोंडे आणि रिकामी वाटी, सगळं नीट दिसेल असा.

आतल्या दाराचा पडदा हलला. "अगं बाई! फोटो काढायलेत!" मामींचा आवाज. "पुण्याला पाठवायलेत काय की! विहीणबाईंना दाखवायला!"

"काही नाही मामी, एका मित्राला..." मी म्हणतोय तोवर वेंकटचं उत्तर आलं. ते लिहिलेलं नव्हतं, बोललेलं होतं. मी दाबलं. फोनचा आवाज पूर्ण वर होता. वेंकटचा खणखणीत आवाज माजघरापर्यंत गेला.

"सूपर अन्ना! ससुराल में बैठ के भी नै झुके! वो लोगां कित्ता भी मनाए, हात नै लगाने का! क्या भी दिए तो नक्को बोलो! आखिर तक टिको अन्ना, हम चालीस लोगां तुम्हारे पीछे हैं!"

कूलरची मोटरसुद्धा जपून फिरतेय असं वाटलं.

"चाळीस माणसं!" मामा आतून म्हणाले.

तोवर मलाही काहीतरी बिनसल्याचं जाणवलं होतं, पण काय ते उमगत नव्हतं. वैशालीला फोन लावला. तो तिने रिक्षात असल्यामुळे उचलला नाही. मी आपला परत पाटावर जाऊन बसलो. त्यावर आतून आवाज आला, "ठाण मांडलं बगा."

मग मामी बाहेर आल्या.

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. डोळे भरलेले नव्हते, पण तोंड उतरलं होतं. पंचाहत्तरीची बाई. पहाटे उठून पुरण पाट्यावर वाटलं होतं, कारण मिक्सरमधलं त्यांना पुरण वाटत नाही. उजव्या हाताचा अंगठा अजून पिवळा होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय तुमी कशावर रुसला."

"रुसलो? मी?"

"ते घड्याळ, कॅसेट, ते काही नाही. तुमी ते माजं बोलणं ऐकलंत. साखरपुड्याच्या आदी."

"कोणतं बोलणं?"

"मी ह्यांना म्हणले होते, हे स्थळ नक्को. पुण्याचा माणूस. दोन पोळ्या खातो आन् उठतो. जो पोटभर खात नाही तो पोटातलं बोलत बी नाही. माजी लेक कशी ऱ्हाईल त्याच्यापाशी?" त्यांनी पदराने अंगठा पुसला. "तुमी भायेरच्या खोलीत होता. ऐकलंच असणार."

मी काही ऐकलं नव्हतं. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून संजूबरोबर क्रिकेट बघत होतो.

"आन् मग एकवीस वर्षं झाली," मामी म्हणाल्या, "हा आठवा धोंड्याचा महिना. करोनात डबा पाठवला, तो बी धरला मी. दर बारीला दोन धोंडे वाढले की दोन खायचे आन् हात धुवायचे. कधी म्हणून तुमी 'मामी, आनखी एक वाढा' म्हणला नाहीत. एकदा बी नाही. मी वाट बगायची. म्हणून यंदा मीच पाच वाढले. तवाच समजले, हा माणूस मनात धरून हाय. तोंडानं बोलत नाही, पण धरून हाय."

खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं. मी मागत नव्हतो, कारण माझ्या आईने लहानपणी बजावून ठेवलं होतं : दुसऱ्याच्या घरी पानात पडेल तेवढं खायचं, मागून घ्यायचं नाही, हावरट दिसतं. मी ते पाळत आलो. मला वाटायचं, काय सभ्य जावई मिळालाय यांना! आणि एकवीस वर्षं ही बाई पळी हातात घेऊन माझ्या एका शब्दासाठी ताटकळत उभी होती. बरं, तिसरा धोंडा मला हवा नसायचा असंही नाही. दर खेपेला मी तिसऱ्या धोंड्याकडे चोरून बघत हात धूत आलो होतो.

एकोणीस दिवस. पट्ट्याचं एक भोक. चाळीस माणसं.

मी ताट पुढ्यात ओढलं, पहिला धोंडा फोडला, तुपात बुडवला आणि तोंडात टाकला.

वाचकहो, एकोणीस दिवस साखरेचा कण पोटात न गेलेल्या माणसाने पाट्यावर वाटलेलं वेलदोड्याचं पुरण खाल्लं, तर काय होतं हे मी सांगू शकणार नाही, कारण पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की पाचवा संपल्यावर मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, "मामी, आणखी एक वाढा."

मामींनी माझ्याकडे बघितलं. मग मामांकडे बघितलं. मग त्या नुसत्या हसल्या नाहीत, चक्क लाजल्या! सहावा आला. "आणखी एक." सातवा आला. आमरस आला, पुऱ्या आल्या, मी पुऱ्यांनी आमरस पुसला आणि आमरसाने पुऱ्या. मामांनी पंखा वाढवला. संजू दाराशी उभा राहून मोठ्याने मोजत होता, "नऊ! दाजी, नऊ!" तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि वैशाली ऋचाला घेऊन दारात आली, तेव्हा मी अकरावा धोंडा दोन्ही हातांनी धरला होता.

वैशाली घरी मला 'अरे' म्हणते आणि माहेरी 'अहो'. त्या धक्क्यात तिचं दोन्ही एकदम झालं. "अहो, अरे! तुझं डाएट!"

शब्द पडला. मामींचा हात छातीवर गेला. "डाएट? शुगर झाली जावईबापूंना?"

"नाही मामी! नाही!" मी तोंडातलं गिळत ओरडलो. "शुगर नाही! वजन! फक्त वजन! तूप चालतं, बाकी चालत नाही, म्हणून नुसतं तूप प्यालो! वैशालीने सांगू नको म्हणून सांगितलं होतं!"

ऋचाने फोनवर माझे रिपोर्ट काढून आजीला दाखवले. आजीला इंग्रजी आकडे कळत नाहीत, पण नात खोटं बोलणार नाही एवढं कळतं. मामींनी सुस्कारा सोडला. मग हळूहळू बाकीचा हिशेब त्यांच्या लक्षात येऊ लागला.

"म्हणजे तुमी रुसला नव्हता?"

"नाही हो."

"आन् साखरपुड्याचं ते... ऐकलं बी नव्हतं?"

"आत्ता तुमच्याकडून ऐकलं."

"मंग घड्याळाचं मी उगंच बोललो," मामा म्हणाले.

"आन् मी कॅसेटचं!" संजू कपाळाला हात लावून खाली बसला. वैशालीने "कुठल्या कॅसेटचं?" असं विचारल्यावर तो उठून गच्चीत गेला.

आता सगळं उलगडलं, हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली (माझं आधीपासूनच दुखत होतं), तेव्हा इथेच संपायला हवं होतं. पण मामी उठल्या, आतल्या कपाटाशी खुडबुड केली आणि एक मखमली डबी घेऊन आल्या.

"आता बोललेच तर सगळंच बोलते," त्या म्हणाल्या. "लग्नात तुमाला अंगठी घालायची होती. करून आणली होती. साखरपुड्यात दोऱ्यानं तुमच्या बोटाचं माप घेतलेलं. पण मीच मागं ठेवली. म्हणलं, आदी बगू कसा निगतो माणूस. म्हणून ह्यांना ऐन वेळी ते घड्याळ बांधावं लागलं. मग दर धोंड्याच्या महिन्याला डबी भायेर काढायची, आन् तुमी दोनवर उठला की परत आत ठेवायची." त्यांनी डबी उघडली. "आज तुमी मागून घेतलंत. आता ही तुमची."

मी नको नको म्हणालो. आतून भरून आलं होतं आणि बाहेरून दम लागला होता, त्यामुळे नीट म्हणता आलं नाही. मामींनी माझा हात हातात घेतला आणि अंगठी बोटात घातली.

ती पहिल्या पेरापाशी थांबली.

मामींनी ढकलली. मामांनी ढकलली. गच्चीतून परत आलेल्या संजूने भांडेवाल्याच्या ताकदीने ढकलली. ती दुसऱ्या पेरावर चढली आणि तिथेच रुतली. आता पुढेही जाईना, मागेही येईना. बोट जांभळं होऊ लागलं. ऋचा व्हिडिओ काढत होती. शेवटी वैशाली आत पळाली, तुपाची बरणी घेऊन आली आणि माझं बोट त्यात बुडवलं. चौघांनी मिळून ओढल्यावर अंगठी निसटली आणि उडून थेट आमरसाच्या वाटीत पडली. दिवसभरात तुपाचा झालेला एवढाच खरा उपयोग.

मामींनी अंगठी पाण्याखाली धरली, पदराला पुसली, डबीत ठेवली. माझ्या बोटाकडे बघितलं. मग पोटाकडे. मग सगळ्यांदेखत, अगदी मायेने म्हणाल्या, "जावईबापू, राग नक्को. पण जरा डाएट करा की!"

तेव्हापासून मी पुन्हा नियमात आहे. वेंकटने मला डे झिरोवर टाकलं, पण ग्रुपमधून काढलं नाही. तिथे प्रत्येकाने आपलं ध्येय लिहायचं असतं. कोणी पंच्याहत्तर किलो लिहितं, कोणी सत्तर. मी 'उजव्या हाताचं तिसरं बोट' असं लिहिलं आहे. सोमवार ते शनिवार मी तूप, पनीर आणि अंडी यांवर काढतो. रविवारी सकाळी अंगठी बसते का बघायला गौलीगुड्याला जातो. मामी डबी उघडतात, अंगठी पहिल्या पेराच्या जरा पुढे सरकते, आणि त्या आनंदात त्या मला जेवायला बसवतात.